पंधरा वर्षं एका जिन्यावर

प्रियदर्शनीचं लग्न झालं ते वर्ष २००९. त्याच लग्नासाठी मला विकत घेतलं. मी एक जुना, झाकणाला पोचा आलेला स्टीलचा डबा आहे.

तुळशीबागेतून आम्ही पाचशे डबे आलो. लाडू भरून पाहुण्यांना द्यायचे होते. पण मित्रांनो, आमच्यावर नाव घातलं ते एकच, रंगनाथ. ते मुलीचे वडील. त्यांचे धाकटे भाऊ आनंद, घरच्या कारखान्यातले भागीदार, भर मांडवात म्हणाले, "आणि मी कोण? आचारी?"

"आचाऱ्याला निदान चव कळते," रंगनाथ म्हणाले.

झालं. प्रभात रस्त्यावरच्या त्यांच्या बंगल्यात रंगनाथ खाली, आनंद वर. गाड्या चार, स्वयंपाकघरं दोन, बोलणं बंद.

रंगनाथांच्या पत्नी यमुनाबाईंनी मला लाडू भरून वर पाठवलं. "परत कर!" आनंद ओरडले. पण रिकामा डबा परत करायची या घरात पद्धत नाही. त्यांच्या पत्नी हेमाताईंनी करंज्या भरल्या. खाली पुन्हा तीच अडचण. यमुनाबाईंनी चिवडा भरला. तेव्हापासून मी वर-खाली, वर-खाली. मला कोणी विचारलं?

"वहिनी, एक जिना आहे मध्ये, समुद्र नाही," मला वाहणारी स्वयंपाकीण चैताली वैतागून म्हणायची.

खाली रंगनाथ म्हणायचे, "कोशिंबिरीत दाणे जास्त घाल. त्याला आवडतात. मी सांगितलं म्हणू नकोस." वर आनंद माझा तळ पुसून खायचे आणि म्हणायचे, "ठीक होतं."

मग रंगनाथांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले. आनंद म्हणाले, "बोलावलं तर जाईन." रंगनाथ म्हणाले, "बोलवायला तो पाहुणा आहे का?" असे दोन आठवडे गेले. मला तोंड असून बोलता येत नाही, याचा इतका राग कधी आला नव्हता.

एका दुपारी रंगनाथ म्हणाले, "डबा पुसून वर पाठव. रिकामाच."

"अहो, काहीतरीच काय! निदान साखर तरी."

"चिमूटभरही नाही."

वर आनंदांनी झाकण उघडलं आणि ते लालबुंद झाले. मला काखेत मारून, अनवाणीच, धाडधाड जिना उतरले.

"दादा, रिकामा डबा? ही आपल्यात पद्धत आहे?"

"नाही. म्हणूनच पाठवला. बस."

आनंद बसले. यमुनाबाईंनी दोन पानं वाढली.

मित्रांनो, मला घासा, पुसा, झाकण नीट लावा, एवढं मला पुरतं. पण जिथे स्वतः जायला हवं, तिथे मला पाठवू नका. त्या दोघांना एकत्र जेवायला नऊच दिवस मिळाले. ११ मार्च २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी, रंगनाथ वारले.