तात्यांचा मुद्गल

पहाटेच्या धूसर उजेडात मुद्गल फिरल्याचा आवाज येई. थंड हवा कापत जाणारा, मंद, दमलेला. कोल्हारच्या आमच्या अंगणात माझे वडील, तात्या, स्टुलावर बसून तो जड लाकडी मुद्गल खांद्यामागून फिरवत. जत्रांमधून कुस्त्या मारलेल्या पैलवानाने असे बसून मेहनत करावी, हे मला बघवत नसे. पण मधुमेहात त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड तोडले, चालणे बंद केले. हात मात्र हलवत राहा म्हणाले. साखर उतरली नाही तर पाऊल कापावे लागणार होते.

रोज सकाळी आई काचेच्या नळीत निळे औषध घेई, त्यात तात्यांच्या लघवीचे थेंब टाकून ती दिव्यावर तापवी. रंग निळाच राहिला तर साखर नाही. आमच्या नळीत मात्र रोज विटेचा लाल रंग उगवे. गळिताचा हंगाम सरला, वाऱ्यावरचा मळीचा वास विरला, पांगारा फुलून झडला, तरी रंग तोच. तात्यांच्या दंडांना पुन्हा पीळ चढत होता आणि चेहरा उतरत चालला होता. त्या लाल रंगाचा आम्हा सगळ्यांनाच वीट आला होता.

एके सकाळी डॉक्टर जखम बघायला घरीच आले. मेहनत आटोपताच आईने नेहमीसारखा पितळी पेला तात्यांच्या हाती दिला. दूध, वाटलेले बदाम आणि गूळ.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारले.

"खुराक हाय," तात्या म्हणाले. "मेहनत केली की खुराक लागतोच. न्हाईतर अंग झडतं."

"आणि त्यात गूळ?"

आई गोंधळली. "गोड कुठं देतो आमी? ह्यो खुराक हाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेला हळूच काढून घेतला. आई भिंतीकडे तोंड करून रडली. रोज पहाटे उठून ती तो पेला किती मायेने करत होती!

पुढे तात्यांनी कोरड्या घशाने मुद्गल फिरवला. खुराकाशिवाय मेहनत म्हणजे त्यांना तालमीचा अपमान वाटे. तो त्यांनी मुकाट गिळला. उन्हाळ्याच्या पांढऱ्या उजेडात नळी पिवळी झाली, मग हिरवी, आणि एका सकाळी निळीच राहिली. आई कितीतरी वेळ ती उन्हात धरून बसली. जखम सावकाश भरली.

तात्या गेले ते दोन्ही पावलांनिशी. आता तोच आजार माझ्या अंगात आला आहे. पहाटे त्याच स्टुलावर बसून मी मुद्गल उचलते, तेव्हा मुठीपाशी त्यांच्या बोटांनी झिजलेली जागा माझ्या हाताला मोठी पडते. हात भरून येतात, सोडून द्यावेसे वाटते. पण काळाने तात्यांना नेले आणि त्यांची पकड तेवढी न्यायला तो विसरला.