नावांची फाईल

कडुबा मुलाखतीवरून थेट गारखेड्यात मृण्मयीच्या घरी आला आणि पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून म्हणाला, "ताई, त्यांनी मला लबाड म्हटलं."

कडुबा आणि लबाड! मृण्मयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सात वर्षांपूर्वी तिनं आणि मुकुंदवाडीच्या शंतनूनं 'पाणचक्की' सुरू केली. सर्व्हरवर चालणारी, कुणालाही मोकळेपणानं घेता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम. तेव्हा मदतीला धावून आलेला पहिला माणूस कडुबा. पैठणकडच्या एका साखर कारखान्यात तो सर्व्हर सांभाळायचा. पाणचक्की बसवताना किंवा तिचं अपडेट घेताना मध्येच लाईट गेली, तर काम थांबलं तिथूनच पुढं सुरू होतं. तो भाग त्याचा. दिवसातून चारदा लाईट जाणाऱ्या गावातल्या माणसालाच असलं काही सुचणार. आता कारखाना बंद पडला होता आणि चाळिशीतला कडुबा नोकरी शोधत फिरत होता.

पाणचक्कीची अट एकच होती. घ्या, बदला, विका, पण काम करणाऱ्यांची नावं पुसू नका. एकोणीस नावांची ती फाईल लॉगिन केल्याबरोबर पडद्यावर यायची. आणि कडुबा मुलाखतीला गेला त्या शहरातल्या कंपनीनं काय करावं? पाणचक्की उचलली, 'अजिंक्य' असं बारसं केलं, नावांची फाईल उडवली आणि 'शंभर टक्के आमची निर्मिती' म्हणून गावभर मिरवली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

"मी म्हटलं, लाईटीचा भाग माझा हाय," कडुबा सांगत होता. "तर मुलाखत घेणारा त्यो अभय साहेब हसला. म्हणला, दाखवा नाव. मशीन उघडलं तर फाईलच नाय. म्हणला, दुसऱ्याच्या कामावर हक्क सांगणारे लबाड लई येतात इथं."

मृण्मयीनं कंपनीला तीन पत्रं धाडली. उत्तर एकाचंही नाही. चोर तो चोर, वर शिरजोर!

आठवड्यानं शंतनू तिच्याकडं हसतच आला. "अगं, या शहाण्यांनी पाटी बदलली, पण अपडेट कुठून घ्यायचं तो पत्ता आपलाच ठेवलाय. त्यांची सगळी मशीनं रोज सकाळी आपल्याच सर्व्हरवर येतात. एक ओळ लिही, सगळी ठप्प."

मोह झाला, खोटं कशाला बोला. पण त्यातली कितीतरी मशीनं दवाखान्यांत होती. "राग कंपनीवर आणि शिक्षा पेशंटला? ते नाही जमायचं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात पाणचक्कीत एक धोकादायक फट सापडली. कुणीही बाहेरून आत घुसावं अशी. ती बुजवायला तिघं दोन दिवस राबले. कडुबानं जुन्या कॉम्प्युटरची पिन वीस वेळा उपटून अपडेट तपासलं. बदलांच्या जाहीर नोंदीत मृण्मयीनं स्वच्छ लिहिलं: 'फट बुजवली. नावांची फाईल नसेल तिथं ती परत ठेवली जाईल.' लपवाछपवी करायला ती काय कंपनी होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. कडुबा समोरच चहा पीत होता. मृण्मयीनं फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, अभय बोलतोय, अजिंक्यकडून. आमच्या ग्राहकांच्या पडद्यावर ही कुणाकुणाची नावं दिसायला लागलीत! सकाळपासून विचारणा सुरू आहे. काढा ती लगेच."

"काढा ना तुम्हीच," मृण्मयी म्हणाली. "तुम्हाला सवय आहे. पण नाव काढाल त्याचं कामही काढा. पहिलं नाव कडुबाचं आहे. त्याचा भाग काढा आणि मग लाईट गेली की काय होतं ते बघा. फट बुजवलीय तीही त्यानंच तपासलीय. तीही उघडी करा."

"मॅडम," अभयचा आवाज उतरला होता, "या कडुबांचा नंबर मिळेल का? नोकरीबद्दल पुन्हा बोलता येईल."

कडुबानं कप खाली ठेवला आणि फोनकडं वाकला.

"नंबर नंतर, साहेब. आधी त्यो लबाड शब्द माघारी घ्या."