तांबूचा उपास

मित्रांनो, मी एक म्हातारा मेंढा आहे. परळच्या एका संशोधन संस्थेच्या मागच्या आवारात, पत्र्याच्या गोठ्यात माझं आयुष्य गेलं. पण तुम्हाला सांगायचंय ते एकट्या माझं नाही. तांबू माझा जुळा भाऊ होता.

आम्ही टेम्पोतून इथं आलो, तेव्हा एकमेकांच्या पाठीवर मान टाकून उभे होतो. आमची निगा दौलतकाका राखत. त्यांची बायको गंगुबाई लालबागहून त्यांचा डबा घेऊन यायची. नावं तिनंच ठेवली. तांबूस मानेचा तो तांबू आणि मी मोरू.

संघमित्रा नावाची तरुण संशोधक आमचा अभ्यास करत होती. तांबूला गोजिरवाणी कोकरं झाली, मला एकही नाही. दौलतकाकांनी कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काका, नराचा शुक्राणू तयार होतो तेव्हा त्याला पोहता येत नाही. मग तो एका लांब, गुंडाळलेल्या नळीतून जातो. वाटेत त्याच्या अंगावरची काही प्रथिनं गळतात, काही नवी चिकटतात. तेव्हा कुठे तो पोहायला लागतो. मोरूचे शेवटपर्यंत कच्चेच राहतात. काय अडलंय ते ताडून बघायला तांबूची एका बाजूची नळी काढावी लागेल. रक्त एकच ना दोघांचं!"

"जगेल ना पण?"

"जगेल ना. दुसरी बाजू शाबूत राहील. फक्त आदल्या दिवसापासून त्याला खायला काही द्यायचं नाही."

ऑपरेशनच्या सकाळी तांबू ओरडून ओरडून दमला होता. काका पाणी आणायला गेले, तेवढ्यात गंगुबाई आली. तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. रिकामी गव्हाण बघून ती कळवळली.

"अरे देवा, उपाशी ठेवल्यान तुका?"

पिशवीतल्या मटाराच्या साली, कोथिंबिरीची देठं तिनं त्याला भरवली. किती घाईघाईनं खाल्लं त्यानं! मग तिच्या हाताला नाक घासलं.

भूल दिल्यावर ते अन्न वर आलं आणि श्वासनलिकेत शिरलं. तांबू गोठ्यात परत आला नाही.

"काकी, त्याच्या पोटात देठं होती," दुसऱ्या दिवशी संघमित्रा हळूच म्हणाली.

गंगुबाईनं उजवा हात पुढे धरला. "मीच दिलंय गो. ह्या हातानं."

"घरी बोललोच नाय मी," दौलतकाका पुटपुटले.

"मीही इथं पाटी लावायला हवी होती," संघमित्रा म्हणाली.

तांबूच्या काढून घेतलेल्या नळीवरून तिला माझं दुखणं सापडलं. एक प्रथिन गळायला हवं होतं, ते माझ्यात गळतच नव्हतं. तिचं खूप कौतुक झालं. त्या दिवशी ती गोठ्यात आली, माझ्या मानेवरून हात फिरवला आणि गेली.

मित्रांनो, मुक्या जिवाची भूक बघवत नाही, हे खरं. माया जरूर करा. पण त्याला जपणाऱ्याला आधी विचारा. आणि जपणारे तुम्ही असाल, तर कोणी विचारण्याची वाट बघू नका.

गंगुबाई पुष्कळ दिवसांनी पुन्हा येऊ लागली. आता पिशवी उघडण्याआधी ती हाक मारते, "मोरूक देऊ काय?" कधी उत्तर द्यायला कोणीच नसतं. मग ती पिशवी तशीच घेऊन परत निघते. मी ओरडतो. ती मागे वळून बघत नाही.