शिडावरची सावली

पूर्ण ऊन

ती जागा तिनेच शोधली होती. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधली. तिथे एरवी काहीच टिकत नाही, सूर्य ओढून घेतो. पण पातळ, चकचकीत शीड उघडलं की उन्हाचा रेटा ती ओढ तोलून धरतो आणि यान अधांतरी थांबतं. या जागेपायी तिने आठ वर्षं डोकं फोडलं होतं. आज यान पोचलं.

"ताई, आता तरी हसा," पोपट म्हणाला. यानाकडून येणारे आकडे मोठ्याने वाचायचं त्याचं काम, म्हणून पोपट.

पाऊण ऊन

"रेटा घटलाय."

"चष्मा पूस."

"पुसला. डोळेही पुसले."

तिने यानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र मागवलं. शीड धडधाकट होतं. फक्त कडेला सावली होती, पट्टीने आखल्यासारखी सरळ.

सावली पाडायला तिथे काय असणार? साधा दगडसुद्धा तिथे थांबू शकत नाही.

अर्धं ऊन

यान सूर्याकडे घसरू लागलं. तिने छोटं इंजिन चालू करायला लावलं. त्याचा जोर कागदाचा कपटा उचलण्याइतकाच, पण सतत चालवलं की यान सरकतं. दुपारी शीड सावलीबाहेर आलं. संध्याकाळी सावली मागून आली, तितक्याच संथपणे.

"योगायोग म्हणा ना, ताई."

तिने इंजिन पुन्हा चालू करायला लावलं.

ऊन नाही

इंधन संपत आलं. सूर्यासमोर आता काळा चौकोन होता, शिडाला झाकून पुरून उरणारा.

तिथे फक्त शीडच थांबू शकतं. कोणीतरी तिच्याआधी हेच गणित सोडवलं होतं, आणि आपण विचारल्याशिवाय त्याच्या घरात शिरलो होतो.

"इंजिन बंद कर," ती म्हणाली.

"यान जाईल, ताई."

"कर बाबा."

कोपऱ्यापुरती सावली

ऊन परतलं. एकच कोपरा अंधारात राहिला. तिथला रेटा कमी पडून शीड हळूच वळलं, मग यानाची वाटही वळली. कोपऱ्यावरची सावली सुकाणूसारखी फिरत होती.

पूर्ण ऊन

यान थांबलं. तिच्या गणितात नसलेल्या जागी, अगदी स्थिर.

तिने आजूबाजूची चित्रं मागवली. काळोखात बारीक, सरळ, उजळ रेघा उभ्या होत्या, कडेने दिसणाऱ्या शिडांच्या. सारख्या अंतरावर. मधली एक जागा तेवढी रिकामी होती, ती आता त्यांच्या यानाने भरली होती.

पोपट मोठ्याने मोजू लागला. मग त्याचा आवाज बारीक झाला, आणि मग फक्त ओठ हलत राहिले.