सीट भरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे, वडापची. वडाप म्हणजे रस्त्यात दिसेल त्या माणसाला आत घ्यायचं आणि सगळ्या सीट भरल्याशिवाय जागचं हलायचं नाही. चंदगडच्या डोंगरात हा रिवाजच आहे.

मालक आकारामने मला कोल्हापुरातून आणलं, तेव्हा गावाने हळदकुंकू लावून माझी पूजा केली. मग मी राबले. काजूची पोती वाहिली, वऱ्हाडं पोचवली, अडलेल्या बायकांना दवाखान्यात नेलं. ‘आकारामची गाडी म्हणजे गावाचे पाय,’ असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून मी फुगून जायचे. तेव्हा डिझेलची पर्वा कुणालाच नव्हती. आकाराम चहाला उतरला तरी मला चालूच ठेवायचा. तंबाखूच्या पुडीसाठीसुद्धा चंदगडला पिटाळायचा.

मग तेल आटलं. दूरदेशातून येणारं तेलच कमी झालंय, असं लोक बोलायचे. मला एवढंच दिसायचं, की पंपाला दोरी बांधलेली आहे. एसटीच्या फेऱ्या कमी होत होत गावची गाडी बंदच झाली. पिठाची गिरणी डिझेल इंजिनवर चालायची, ती थांबली. ट्रॅक्टर उभे राहिले आणि बैल तर लोकांनी कधीच विकून टाकले होते. उरले ती मी एकटी. आकाराम दिवसदिवस रांगेत उभा राहून कॅनभर डिझेल आणायचा. अर्ध्या रिकाम्या गाडीने ते जाळायला त्याचा हात धजायचा नाही. तो कंजूष नव्हता हो. गावाला पुरवायचं होतं त्याला.

एका सकाळी त्याची आत्ती, म्हणजे आत्या धोंडुबाई, येऊन पुढच्या सीटवर बसली. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या तोंडावर घाम होता.

“काय हुतंय गं आत्ती?”

“काय न्हाय रं, छातीत जरा भरून आलंय. चंदगडला डाक्टरला दावून येतो.”

“मग सोडू का गाडी?”

“माझ्या एकटीसाठी? डिझेल काय वढ्याचं पाणी हाय व्हय? भरू दे की सीटा. मला कुठं आग इजवायला जायचंय?”

आमच्या गावची माणसं अशीच. दुखणं सांगायचीसुद्धा त्यांना लाज वाटते. आकारामने तिचं ऐकलं आणि फाट्याकडे बघत उभा राहिला. एक जण आला. बऱ्याच वेळाने दोघे आले. आत्तीने माझी दांडी धरली होती. तिची मूठ घट्ट होत चालली होती, हे फक्त मला कळत होतं. मी ओरडणार कशी? हॉर्न दाबायलाही माणसाचा हात लागतो.

शेवटचा माणूस आला. “आत्ती, जरा सरकून घे,” आकाराम म्हणाला.

आत्ती सरकली नाही.

त्याने मला चंदगडपर्यंत असं पळवलं, की जन्मात मी तशी पळाले नव्हते. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, “थोडं आधी आणायला हवं होतं.”

तेव्हापासून मी फणसाखाली उभी आहे. टायर बसलेत, टपावर पानं कुजलीत. गिरणीवाला गुंडू एकदा डिझेल मागायला आला, तर आकाराम म्हणाला, “त्यातला थेंब न्हाय मिळायचा. आत्तीचं हाय ते.”

मित्रांनो, तेल जपून वापरा, चैनीत उधळू नका. पण दारात आजारी माणूस आलं, तर ते ‘नको’ म्हणालं तरी ऐकू नका. सीटा मोजू नका. गाडी काढा. माझ्या टाकीत डिझेल अजून आहे, आणि ज्या माणसासाठी ते जाळायचं होतं, ते माणूस आता नाही.