गिधाडाची करंगळी

"आधी तळहात, मग पाठ," बाबा म्हणाले आणि गादीवर असे आदळले की कपाटाच्या काचा थरथरल्या.

समोर त्यांची मुलगी मोबाइलवर ते पडणं टिपत होती. अडुसष्ट वर्षांचा माणूस, सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची गोळी, आणि आपण त्याला बैठकीच्या खोलीत पाडतोय. पण दुसरं कोणाला विचारणार? हाणामारीचे गेम बनवणाऱ्या कंपनीत ती पात्रं रेखाटायची, आणि तिच्या नव्या पात्राने हरताना कसं पडावं हे तिथे कोणालाच जमत नव्हतं. बाबांनी तीस वर्षं तेच केलं होतं. तिकीट लावून होणाऱ्या नुसत्या करमणुकीच्या कुस्त्या, निकाल आधीच ठरलेला, आणि हरायचं काम यांच्याकडे. रिंगणातलं नाव गिधाड. उंच कॉलरचा जांभळा झगा, कुठल्याशा सिनेमाच्या पोस्टरवरच्या खलनायकाचा बघून आईने जुन्या पडद्यांतून शिवलेला.

"पुन्हा एकदा, बाबा. हात नीट दिसला नाही."

"तुझी आई बरी होती. एकदाच पाडायची."

"तिसरं आणि शेवटचं."

"लोक टोमणा मारतात, पडलो तरी नाक वर म्हणून. अगं, मला त्याचाच तर पगार होता!"

ते तिसऱ्यांदा पडले. तळहाताचा सपकन आवाज, त्यामागे पाठीचा धप्प. डोळे मिटून निपचित. मग डाव्या हाताची करंगळी दोनदा हलली.

ही खूण तिची होती. लहानपणी बाबा पडले की ती जीव मुठीत धरून बसायची, आणि सगळे लोक ओरडत असताना बाबा तिच्या रांगेकडच्या हाताची करंगळी दोनदा हलवायचे. म्हणजे, ठीक आहे मी.

"मिळालं का हवं ते?" ते उठत म्हणाले. "आणि दिसतो कसा तुझा पैलवान? दाखव तरी."

चित्र पिशवीतच होतं. पात्र नुसत्या काळ्या सावलीवरून ओळखू यावं, हा तिच्या कामाचा पहिला नियम. ती उंच कॉलर, ते पुढे झुकलेले खांदे बाबांनी एका नजरेत ओळखले असते. मग सगळंच बोलावं लागलं असतं.

ती नऊ वर्षांची असताना शाळेच्या मुली खेळ बघायला आल्या होत्या. गिधाड अगदी त्यांच्यासमोर येऊन कोसळलं. शेजारची मैत्रीण नाक मुरडून म्हणाली, "शी! कोण गं हा?" आणि ती म्हणाली, "मला काय माहीत."

बाबा तिच्यापासून चार हातांच्या अंतरावर पडले होते. करंगळी हलली होती. पण त्यांनी ऐकलं होतं का, हे सव्वीस वर्षांत तिला विचारता आलं नव्हतं.

"रविवारी दाखवते," ती म्हणाली. "अजून रंगवायचंय."

"दाखव हो. नाहीतर खलनायकाला देखणा करून ठेवशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा गाळत होती. आतल्या खोलीत धप्पकन आवाज झाला.

"पुरे हो बाबा! शूटिंग संपलं!" ती ओरडली आणि हसलीसुद्धा. दोन कप भरले. बिस्किटांचा डबा शोधला. आतून उलट टोमणा आला नाही. चहावर साय धरू लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं. आवाज एकच आला होता. तळहाताचा आवाज नव्हता.

ते पलंगाशेजारी पालथे पडले होते. तिने श्वास पाहिला नाही, नाडी पाहिली नाही. आधी डावा हात धरून करंगळीकडे बघत राहिली.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशीच्या पडण्याचा संबंध नाही. "नक्की?" तिने विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "नक्की, बाई. आणि लगेच धावला असतात, तरी ते वाचले नसते." दुसऱ्या वाक्यातलं तिने विचारलंच नव्हतं. त्या वाक्यावर मात्र तिचा विश्वास बसेना.

तीन आठवड्यांनी ती कामावर गेली. ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीत भिंतीवर गेममधल्या सगळ्या पात्रांच्या काळ्या सावल्या ओळीने लावलेल्या होत्या. कोणाचा मुखवटा रिंगणातून उचललेला, कोणाची केशरचना सिनेमातून, कोणाची चालण्याची ढब एखाद्या गायकाची. शेवटची सावली उंच कॉलरची.

मोठ्या पडद्यावर पात्र पडलं. तळहात, पाठ. करंगळी दोनदा हलली.

"पडणं झकास झालंय," टीमचे प्रमुख म्हणाले. "करंगळी काढून टाका. हरलेला हलला तर खेळणाऱ्याला वाटेल, लढत बाकी आहे."

"मूळ व्हिडिओतच आहे, सर," अ‍ॅनिमेटर म्हणाला. "मला वाटलं, आजोबांना पेटका आला असेल." दोघंतिघं हसले. त्याने व्हिडिओ लावला.

बैठकीची खोली. गादी. बाबा निपचित. तिला ठाऊक होतं की करंगळी हलणार, तरी ती हलेपर्यंत तिने पापणी लवू दिली नाही. प्रमुखांचं म्हणणं खोटं नव्हतं. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तर दोन मिनिटांत करंगळी पुसली गेली असती आणि पुढचा विषय निघाला असता.

"आणि पात्र कोणावरून घेतलं, तो संदर्भाचा रकाना कोरा का ठेवलास?" प्रमुखांनी कागद उलटला. "कोण आहेत हे?"

तेच जुने तीन शब्द जिभेवर आयते येऊन बसले. तिने टेबलाची कड घट्ट धरली. खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. ती पडद्याकडे बघत होती.

"माझे बाबा," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, म्हणून पुन्हा म्हणाली, या वेळी मागच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "गिधाड माझे बाबा होते. करंगळी ते माझ्यासाठी हलवायचे. ती राहू द्या."