पानीवाले बाबा आणि चमचाभर पन्हं

शिवमंदिराच्या मंडपातून निघालेली रांग कॉलनीच्या फाटकाबाहेर जाऊन रायपूरहून सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली होती. कोल्ड्रिंकची, खोकल्याच्या औषधाची, कुणा पोट्टीची गुलाबी झाकणाची शाळेची. बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर घराचा नंबर. मी कडेला उभी राहून पाहत होते आणि माझा नुसता जळफळाट होत होता. याच कॉलनीत मी दोन महिने दारोदार फिरले होते, "काकू, एक बाटली पाणी द्या, तपासायचंय" म्हणत. मिळाल्या चार बाटल्या. त्यातली एक माझ्या मीराआत्याची, ती पण भाची म्हणून.

"जल में छल है, माई!" मंडपातून लाउडस्पीकर गरजला. "बाबा नहीं बोलेगा! जल बोलेगा!"

पानीवाले बाबा पाटावर बसले होते. समोर काचेचा पेला, बाजूला तांब्याचा लोटा आणि परातभर लिंबं. चेल्याने एका बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं. स्वच्छ पाणी. बाबांनी लोट्यातल्या 'जटाजला'चे चार थेंब टाकले, डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. मंत्र लांबलचक होता. तो चालू असताना पाणी आधी जांभळट झालं, मग राखाडी, मग दौतीतल्या शाईसारखं काळं. मंडपातून "अरे देवा!" आणि "हे भगवान!" एकदमच निघालं.

"दोष!" बाबा म्हणाले. मग लिंबू कापलं, पेल्यावर पिळलं, फुंकर मारली. काळं पाणी बघता बघता निवळलं. तेच पाणी बाटलीत भरून घरवाल्यांना तीर्थ म्हणून परत मिळालं.

"आता बोल, सायन्सवाली!" शेजारी उभे असलेले यशवंतराव मला म्हणाले. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. बाबांना यांनीच आणलं होतं.

"काका, तुम्ही इंजिनियर होता ना?"

"होतो. म्हणूनच सांगून राहिलो, डोळ्यानं दिसते ते खरं. तुझ्या मशीनमधून निघते ते कागदावर. हे पेल्यात!"

मग आत्याची पाळी आली. तिच्या घरचं पाणी मंत्र संपायच्या आत काळं झालं, इतकं की पेल्यापलीकडची चेल्याची बोटं दिसेनात. बाबांनी मान हलवली.

"माई, घर में कोई नया पाँव आया है?"

आत्याने मागे वळून सुनेकडे, निवेदितावहिनीकडे पाहिलं. तिच्याबरोबर सगळ्या मंडपाने पाहिलं. वहिनीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि तिला सातवा महिना होता. तिने पदर पोटावर ओढून घेतला.

"घबराना नहीं. प्रसव तक बहू यही जल पिएगी, नींबू डालकर. बाहर का पानी घर में आया, तो दोष पेट में उतरेगा."

पण त्या पाण्यात काय आहे ते मला माहीत होतं.

मी रसायनशास्त्रात एमएस्सी झाले आहे आणि विद्यापीठात आमच्याच विभागाच्या प्रयोगशाळेत काम करते. आत्याच्या कॉलनीमागे दगडाची जुनी खदान आहे. दगड संपला, खड्डा राहिला. तिथे तारांच्या कारखान्यांचे टँकर येतात. तारा बनवण्याआधी लोखंडाचा गंज काढायला ते आम्लात बुडवतात. ते आम्ल वापरून निकामी झालं की त्याची नीट विल्हेवाट लावायला खर्च येतो, आणि खदान फुकट असते. ते खाली झिरपतं, वाटेतल्या दगडमातीतूनही जे विरघळेल ते सोबत घेतं. आत्याचा बोअर खदानीला सगळ्यात जवळ. तिच्या बाटलीत भरमसाट लोखंड तर होतंच, पण शिसंही होतं, पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या सहापट. शिसं आईच्या रक्तातून बाळात उतरतं, बाळाच्या मेंदूपर्यंत. त्याला ना रंग, ना वास, ना चव.

रिपोर्ट आला तेव्हा मी वहिनीच्या नवऱ्याच्या, विराजदादाच्या मागे लागून घरात पाण्याचे जार सुरू करवले होते. बाबांच्या दर्शनानंतर दुसऱ्याच दिवशी आत्याने ते बंद केले.

"आत्या, अगं शिसं आहे त्यात! लिंबानं शिसं जात नाही!"

"काहून नाही जात? काळं गेलं का नाही? मी काय आंधळी आहे?"

"काळं म्हणजे शिसं नव्हे."

"मग काय आहे?"

इथे मी अडकले. काळं काय होतं ते मलाही ठाऊक नव्हतं. लोट्यात काय आहे, कोण जाणे. आत्याने माझा चेहरा पाहिला आणि विजयी मुद्रेने कांदा चिरायला घेतला.

"तुलेच माहीत नाही, अन् मले शिकवून राहिली."

विराजदादाकडे पाहिलं तर तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "यार कौमुदी, मम्मी को टेंशन मत दे. दो-ढाई महीने की तो बात है."

दोन-अडीच महिन्यांचीच तर गोष्ट होती. नेमके तेच महिने.

त्या आठवड्यात मी खूप वाद घातले आणि सगळ्यांत हरले. शेवटी उत्तर सापडलं ते प्रयोगशाळेत नाही, आत्याच्या स्वयंपाकघरात.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. रायपूरचा एप्रिल म्हणजे घराच्या भिंतींनाही ताप चढतो. बायका येत होत्या, गौरीपुढे बसत होत्या, वाटली डाळ आणि पन्हं घेत होत्या. मी आत चहाचं आधण पाहत होते. जार नाहीत, म्हणून चहाही बोअरच्या पाण्याचा. पत्ती टाकली, आणि दूध घालायच्या आधीच पातेल्यातला चहा काजळीसारखा काळा झाला.

डाळीची वाटी न्यायला आलेल्या शेजारणीने तो पाहिला. "अगं बाई! अजून दोष आहेच की घरात!" ती बाहेर गेली आणि दिवाणखान्यातली कुजबुज मला आतपर्यंत ऐकू आली. वहिनी ओट्याशी उभी होती. तिने डोळे पुसले नाहीत, नुसती म्हणाली, "मायके में भी यही बोलेंगे अब. बच्चे को कुछ हुआ तो मेरे पैर से हुआ."

मी पातेल्याकडे पाहत राहिले. मग ओट्यावरच्या पन्ह्याच्या पातेल्याकडे. पन्हंही त्याच पाण्याचं. पण पन्हं छान पिवळंधमक होतं, केशराच्या काड्या तरंगत होत्या. तेच पाणी, तेच घर, तीच सून. मग दोष चहातच का उतरला? पन्ह्याला त्याने का सोडलं?

चहात तुरटपणा. पन्ह्यात आंबटपणा.

मी कपात काळा चहा घेतला आणि त्यात चमचाभर पन्हं घातलं. काळा रंग विरला. कपात साधा, लालसर चहा उरला.

"वहिनी," मी म्हटलं, "मंत्र म्हटला का गं कुणी?"

ती कपाकडे पाहत राहिली. मग तिने स्वतः दुसरा कप भरला आणि स्वतः पन्हं घातलं. दोनदा.

दुसऱ्या दिवशी मी गोल बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडे गेले. "भैया, तुरट काय काय आहे? पाण्यात उकळलं की फिकट पिवळं होईल असं."

"हर्रा ले जाओ दीदी, जंगल का माल है."

हर्रा म्हणजे हिरडा. मी तो उकळून गाळला. जारच्या पाण्यात थेंब टाकले, काही झालं नाही. आत्याच्या बोअरच्या पाण्यात टाकले, बाबा प्रकटले! लोखंड आणि हिरड्यातला तुरट अंश एकत्र आले की शाई होते. जुन्या काळी लिहायची शाई अशीच करत. बोअरमधून ताजं आलेलं लोखंड हवा लागेपर्यंत पूर्ण रंग दाखवत नाही, थोडा वेळ जावा लागतो. बाबांचा मंत्र लांब होता तो त्यासाठी. लिंबातलं आम्ल ही शाई मोडतं, रंग जातो. लोखंड तिथेच राहतं. शिसंही.

आणि शाई मोडणारं आम्लच मारलं तर? मी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहिला. मग सोड्याची पुडी आणि हिरड्याची बाटली पर्समध्ये ठेवली आणि रविवारची वाट पाहिली.

रविवारी रांग आणखी लांब होती. बाबा रंगात आले होते. मी पुढे गेले आणि माईकवरच म्हटलं, "बाबाजी, मीपण करून पाहू?"

"कन्या, यह बारह बरस की साधना है."

"माझी कालची आहे. बघू तर द्या."

लोक हसले. हसले म्हणून यशवंतरावांना मला थांबवता येईना. मी पेल्यात आत्याच्या बोअरचं पाणी घेतलं, हिरड्याचे थेंब टाकले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणू लागले, "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस..."

"अरे, हे तर पाढे आहेत!" कुणीतरी ओरडलं.

तेराचा पाढा संपेपर्यंत पेला काळाकुट्ट झाला होता. मी लिंबू पिळलं, पाणी निवळलं. मग मागून एका पोराचा आवाज: "चौदाचा म्हणा ना, दीदी!"

"इसमें भी दोष है!" बाबा म्हणाले. "अविश्वास का दोष!"

"बरं, मग विश्वासाचं पाणी घेऊ," मी म्हटलं आणि पिशवीतून बाटली काढली. बाबांनी मागच्या रविवारी स्वतःच्या हाताने शुद्ध करून दिलेली, आत्याच्या घराची. वहिनीने तीर्थ पिताना त्यातलं थोडं बाजूला ठेवलं होतं. मी सोड्याची पुडी सोडत होते, तेवढ्यात वहिनी उठली. पोट सांभाळत पुढे आली आणि पुडी माझ्या हातातून घेतली.

"मैं डालती हूँ. पाँव तो मेरा ही है न?"

तिने सोडा टाकला. पाणी फसफसलं, आणि तळापासून वर काळं चढत गेलं. बाबांनी शुद्ध केलेलं पाणी, बाबांनीच भरून दिलेल्या बाटलीतलं, पुन्हा शाई झालं. दोष कुठे गेलाच नव्हता. नुसता दिसेनासा झाला होता.

"आई," वहिनी आत्याकडे वळून मराठीत म्हणाली. एरवी ती हिंदीतच बोलते. "हेच मी आठवडाभर पिऊन राहिली."

आत्या उठली, मंडपाबाहेर गेली आणि तिथूनच जारवाल्याला फोन लावला. तिच्या आवाजाला लाउडस्पीकरची गरज नव्हती.

बाबांनी जटाजल आवरलं. परातीतली लिंबं चेल्याने उचलली. इथे कथा संपली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण यशवंतराव घसा खाकरून उभे राहिले. "काही म्हणा, पाण्यात काहीतरी आहे हे ओळखलं बाबांनीच! आपल्यापैकी कोणाले कळलं होतं?" आणि चार माणसांनी माना डोलावल्या. दोन महिने दारोदार फिरून मी काय सांगत होते? हताश होणं म्हणजे काय ते मला त्या माना पाहून कळलं.

तरी यावेळी टँकरांविरुद्धच्या तक्रारीवर सह्या झाल्या. यशवंतरावांचीही, सगळ्यात वर. प्रदूषण मंडळाचे साहेब आले. ते यायच्या आदल्या दिवशी खदानीच्या काठावर चुन्याची पोती रिकामी झाली होती. काठ पांढरेशुभ्र, पाणी नितळ, टँकर एकही नाही. साहेबांनी खदानीचं पाणी बाटलीत धरून उन्हात पाहिलं.

"यह तो एकदम साफ है."

"सर, चुना टाकलाय, त्यानं आम्ल मरतं आणि लोखंड तळाशी बसतं. बोअरचं पाणी घ्या."

"मैडम, आयरन तो पूरे इलाके में है." त्यांनी बोअरचाही नमुना नेला, इतकं खरं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. टँकर मात्र आले.

वहिनीचं रक्त आम्ही तपासून घेतलं. शिसं आहे. डॉक्टरांनी आहार सांगितला, पाणी बदललं ते चांगलं केलं म्हणाले, आणि बाळाबद्दल विचारल्यावर म्हणाले, "देखते हैं." आम्ही सगळे बघतोय. आत्या रोज जार स्वतः उचलून आत आणते, कंबर धरली तरी.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. हिरडा दोन-चार रुपयांचा येतो. घरचं पाणी स्वतः तपासा. काळं झालं तर लोखंड जास्त आहे, एवढंच कळेल. काळं झालं नाही म्हणून पाणी चांगलं, असं समजू नका. शिसं हिरड्याला दिसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. बाटली मागायला कुणी माझ्यासारखी दारात आली तर तिला ती द्या. आणि पाणी काळं झालंच, तर घरात नवं कोण आलं ते विचारू नका. घरामागे काय ओतलं जातंय ते विचारा.

बाबांनी पेल्यात दाखवलेलं काळं खरं होतं. खोटं होतं ते लिंबू. कुणी मंत्र म्हणून लिंबू पिळतो, कुणी चुना टाकून साहेबांना बोलावतो. आपलं काम एकच: तो पेला काळाच ठेवायचा, आणि ज्याने तो काळा केला त्याच्यापुढे नेऊन ठेवायचा.